सोसायटीच्या तळ्यात जलपर्णी सोडावी का?

माजिवडेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या गृहसंकुलात शोभेचे एक छोटे तळे आहे. सुरुवातीला त्यात साधे पाणी भरले जाई. परंतु टँकरचा खर्च परवडेनासा झाल्यापासून संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणीच तळ्यात सोडले जाते. या पाण्याला दुर्गंधी येत नाही आणि तपासणीचे अहवालही नियमांत बसणारे असतात. तरीही होळी झाली की तळ्याचा तळ दिसेनासा होतो, पाणी गडद हिरवे पडते आणि पायऱ्यांवर शेवाळाचा असा बुळबुळीत थर चढतो की मुलांना तिकडे फिरकू देता येत नाही.

समितीच्या मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी असा उपाय सुचवला की, कल्याणच्या बाजूला उल्हास नदीत जलपर्णी हवी तेवढी मिळते, तिची दहा-बारा रोपे आणून तळ्यात सोडावीत. ती पाण्यातली घाण शोषून घेते, जांभळी फुलेही देखणी येतात आणि खर्च शून्य, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दुसऱ्या एका सदस्यांनी कडाडून विरोध केला, ‘साऱ्या जगाने या वनस्पतीपुढे हात टेकले आहेत’ असे सांगितले; पण कोणत्या देशात नेमके काय झाले असे विचारल्यावर त्यांना उत्तर देता आले नाही. त्यावर पहिल्या सदस्यांनी विचारले की, जी वनस्पती नदीत आधीच किलोमीटरच्या किलोमीटर पसरली आहे, ती आमच्या चार भिंतींच्या तळ्यात आल्याने नवे नुकसान ते काय होणार? आमचे माळीकाका तर म्हणतात की फार वाढली तर मागच्या नाल्यात टाकून देऊ.

पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे. ऐकीव गोष्टींवर मतदान होऊ नये असे मला वाटते, म्हणून जाणकारांना विचारतो. जलपर्णी खरोखर पाणी शुद्ध करते का? तिचा धोका किती खरा आणि किती वाढवून सांगितलेला? आणि जलपर्णी नको असेल तर ऑनलाइन मिळणाऱ्या इतर तरंगत्या शोभेच्या वनस्पती आणल्या तर चालेल का?

निवृत्त प्राध्यापिका, नौपाडा

उत्तर आधी देते: सोडू नका, आणि माळीकाकांना नाल्याचा विचार मनातूनही काढून टाकायला सांगा. आता कारणे.

आपले ज्येष्ठ सदस्य म्हणतात त्यात तथ्य नाही असे नाही. जलपर्णीचे रोप उचलून पाहिले तर देठ मध्ये फुगलेला आणि आतून हवेच्या कप्प्यांनी भरलेला दिसतो, त्यामुळे ती तरंगते. खाली काळसर जांभळ्या मुळांचा झुबका लोंबत असतो आणि प्रत्येक मुळाला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू फुटलेले असतात. या तंतूंवर गाळ अडकतो, आणि पाण्यातले नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), इतकेच काय, शिसे आणि कॅडमियमसारखे जड धातूही रोप शोषून घेते. पण शोषलेले द्रव्य नाहीसे होत नाही, ते रोपात साठते. रोप म्हातारे होऊन त्याच पाण्यात कुजले की सगळे पुन्हा पाण्यात. म्हणजे शुद्धीकरण जलपर्णी करत नाही, ती ठरावीक दिवसांनी बाहेर काढून दूर नेणारा माणूस करतो. आपल्या संकुलात हे काम वर्षानुवर्षे नेमाने कोण करणार, हा प्रश्न बैठकीत अवश्य विचारा.

त्याचे उत्तर देण्यापूर्वी वाढीचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. ऊब आणि खाद्य भरपूर असेल तर जलपर्णी एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपण सावध हिशेब करू आणि पंधरा दिवस धरू. दसऱ्याच्या सुमारास सोडलेली दहा रोपे पुढच्या पावसापर्यंतच्या आठ महिन्यांत सोळा वेळा दुप्पट होतील आणि जागा पुरली तर त्यांची साडेसहा लाखांहून अधिक रोपे होतील. आपल्या तळ्यात जागा पुरणार नाही, म्हणूनच ती नाल्यात जाणार. दाट वाढ झालेल्या एका हेक्टरात दोनशे टनांहून अधिक ओला भार असू शकतो आणि त्यातला पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास भाग निव्वळ पाणी असते. म्हणजे पालिकेची यंत्रे जेव्हा ती उपसतात, तेव्हा बहुतांशी पाणीच ट्रकमध्ये भरून हलवत असतात. शिवाय फुले येऊन गेली की बिया चिखलात बसतात आणि पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकतात. एकदा तळे साफ केले म्हणजे विषय संपला, असे या वनस्पतीच्या बाबतीत होत नाही.

जगात काय झाले, ते थोडक्यात सांगते. विरोध करणाऱ्या सदस्यांना उपयोग होईल. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिकडे तिला खाणारे कीटक आणि पुराचा चढ-उतार यांमुळे ती मर्यादेत राहते. एकोणिसाव्या शतकात फुलांच्या मोहाने तिला बागांमधून जगभर नेले, तेव्हा रोप गेले आणि शत्रू मागेच राहिले. बंगालमध्ये ती एवढी माजली की नदी-नाल्यांत होड्या चालेनात आणि भातखाचरे बुजू लागली. अखेर 1936 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या अंगणात जलपर्णी वाढू देणे हा गुन्हा ठरवणारा कायदा ब्रिटिश सरकारला करावा लागतो, यावरून काय ते समजा.

आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचे उदाहरण जास्त बोलके आहे. तेथे ती 1989-90 च्या सुमारास नजरेस आली आणि दहा वर्षांच्या आत सुमारे वीस हजार हेक्टरांपर्यंत पसरल्याचे अंदाज आहेत. केनियाच्या किसुमू बंदरात होड्या अडकल्या, मासेमार पाण्यात उतरू शकले नाहीत आणि युगांडातील जिंजा येथील जलविद्युत केंद्राच्या तोंडाशी तिचे थर येऊन थांबू लागले. रवांडाच्या बाजूने वाहत येणारी कागेरा नदी वरून तिचा नवा पुरवठा सतत करत राहिली. 2023 मध्ये जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने परक्या आक्रमक जातींचा जागतिक आढावा प्रसिद्ध केला, त्यात जगात सर्वाधिक ठिकाणी पसरलेली आक्रमक जाती म्हणून पहिला क्रमांक जलपर्णीला दिला आहे. दुसरा क्रमांक घाणेरीचा आहे. येऊरच्या जंगलात फिरणाऱ्यांना घाणेरी काय करते हे वेगळे सांगायला नको.

पाण्यावर सलग थर जमला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातील इतर वनस्पती मरतात, वारा पाण्याला लागत नाही आणि विरघळलेला प्राणवायू घटतो. मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात, मग मरतात. डासांची तऱ्हा आणखी वेगळी. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या हवेसाठी पृष्ठभागावर येतच नाहीत. त्या जलपर्णी आणि पिस्टिया ही दुसरी तरंगती वनस्पती यांच्या मुळांत आपली श्वसननलिका खुपसून तिथूनच हवा घेतात. त्यामुळे पाण्यावर तेल टाकण्याच्या उपायाला त्या दाद देत नाहीत. केरळात चेर्तला भागात याच डासांमुळे हत्तीरोगाचा एक प्रकार पसरला होता आणि तो आटोक्यात आणण्यासाठी तळ्यांतली पिस्टिया उपसण्याची मोहीम घ्यावी लागली होती.

आता ‘नदीत आहेच की’ या युक्तिवादाविषयी. हा वरवर बिनतोड वाटतो, पण पाण्याची दिशा विसरतो. तरंगती वनस्पती प्रवाहाबरोबर खाली जाते, वर चढत नाही. उल्हासमधील जलपर्णी आपापली येऊरच्या पायथ्याच्या ओढ्यात किंवा घोडबंदरच्या टेकडीवरल्या संकुलात येऊ शकत नाही. तिला चढावर नेणारा वाहक जवळजवळ नेहमी माणूसच असतो: गाडीच्या डिकीतली बादली, उपसलेला गाळ भरलेला डंपर, एका तळ्यातून न धुता दुसऱ्या तळ्यात नेलेले जाळे. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा, उपवन, कचराळी हे तलाव एकमेकांना जोडलेल्या नद्या नाहीत. त्यातला प्रत्येक तलाव स्वतंत्रपणे वाचतो आणि स्वतंत्रपणे बिघडतो. नदी बिघडली आहे म्हणून तलाव बिघडले तरी चालतील, असे त्यातून निघत नाही.

ऐरोलीकर (सांडपाणी प्रक्रियेच्या क्षेत्रात काम)

बाईंच्या निष्कर्षाशी पूर्ण सहमत आहे. मात्र भर कुठे द्यायचा याबद्दल थोडे वेगळे मांडतो, कारण केवळ ‘परकी वनस्पती वाईट’ एवढाच निरोप बैठकीत गेला तर तळे हिरवेच राहील.

संकुलांमधील प्रक्रिया केंद्रे मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेली असतात. पाणी दिसायला स्वच्छ होते, वास जातो, प्राणवायूची जैवरासायनिक मागणी (घाण कुजायला लागणारा प्राणवायू) मर्यादेत येते आणि अहवाल पास होतो. पण कपड्यांच्या-भांड्यांच्या साबणातून आणि मलमूत्रातून आलेला स्फुरद, तसेच नायट्रेटच्या रूपातील नत्र, यांचा मोठा भाग त्या पाण्यात तसाच राहतो. बागेला तेच पाणी घातले की हिरवळ तरारते, ही त्याचीच खूण. तळ्यात घातले की शेवाळ तरारते. मार्चनंतर ऊन वाढते, बाष्पीभवनाने पाणी आटते, वर तेच खतपाणी पुन्हा भरले जाते आणि साठा दर महिन्याला अधिक दाट होत जातो. आपल्या तळ्याचा आजार हा आहे. उल्हासचाही बराचसा हाच आहे: काठच्या शहरांचे सांडपाणी, आणि बंधाऱ्यांमागे तुंबून संथ झालेले पाणी. जलपर्णी तेथे कोणीतरी आणली हे खरे, पण तिला पोसले आपण.

पोषण तसेच ठेवून फक्त वनस्पती हटवली तर काय होते, हे दक्षिण आफ्रिकेतील हार्टबीस्पोर्ट धरणावर पाहायला मिळते. जोहान्सबर्गच्या बाजूचे सांडपाणी त्या जलाशयात येते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथली जलपर्णी तणनाशक फवारून मारली गेली. त्यानंतर तीच जागा निळ्या-हिरव्या शेवाळाने घेतली, जे पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने जलपर्णीहूनही त्रासदायक. पुढे जलपर्णी परतली. गेल्या काही वर्षांत तिच्यावर किडी सोडून ती मागे हटवण्यात यश आले, तर साल्व्हिनिया नावाची दुसरी तरंगती परकी वनस्पती पसरली. खुर्ची रिकामी झाली की उमेदवार तयारच असतो.

म्हणून आपल्यासाठी माझा सल्ला असा. तळ्यात शंभर टक्के प्रक्रिया केलेले पाणी भरणे थांबवा. पावसाळ्यात छतावरचे पाणी तळ्याकडे वळवता येते का ते पाहा, त्याने पोषणद्रव्ये पातळ होतात. प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराला स्फुरद वेगळा मोजून द्यायला सांगा, कारण नेहमीच्या अहवालात तो आकडा सहसा नसतो. तो जास्त निघाला तर केंद्रातच शेवटच्या टप्प्यात तुरटीची योग्य मात्रा देऊन स्फुरद गाळाबरोबर खाली बसवता येतो; हे काम तळ्यात करू नका, केंद्रातच करा. कारंजे बंद पडले असेल तर दुरुस्त करा. आणि तळ्यात मासे असतील तर सकाळ-संध्याकाळ पावाचे तुकडे टाकणाऱ्या रहिवाशांना हात जोडा; तो पाव म्हणजे खतच.

वनस्पतींचाच उपाय हवा असेल तर तरंगत्या तराफ्यांवर वाळा लावून पाहा. जाळीचा चौकोनी तराफा, त्यात काथ्या भरून वाळ्याची रोपे, मुळे खाली पाण्यात. वाळा तराफा सोडून पळत नाही, त्याची मुळे खोलवर जातात आणि दर काही महिन्यांनी पाती कापून कंपोस्टमध्ये टाकली की शोषलेले नत्र-स्फुरद खरोखर तळ्याबाहेर जातात. कुंडीत लावलेले कमळ किंवा कुमुदिनीही चालेल. पाने पसरली की पाण्यावर सावली येते आणि शेवाळाचा जोर ओसरतो. फुलांची हौसही भागेल.

कोलशेतचा

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचे काय होते तेवढेच लिहितो, कारण ‘नाल्यात टाकून देऊ’ हे वाक्य आम्हाला फार ओळखीचे आहे.

घोडबंदर पट्ट्यातले नाले आमच्या खाडीला मिळतात. आषाढ-श्रावणात उल्हासला पूर आला की वर बंधाऱ्यांमागे अडकलेली जलपर्णी सुटते आणि खळ्याएवढे तिचे सलग तुकडे ओहोटीबरोबर खाली येतात. पाण्याला ओढ असते आणि त्यात हे वजन डोलीच्या, म्हणजे खुंटांना बांधलेल्या जाळ्याच्या, तोंडावर बसले की जाळे तरी फाटते नाहीतर खुंट तरी उखडतो. होडीच्या पंख्यात मुळे गुंडाळली गेली की इंजीन बंद करून, वाकून, कोयत्याने ती तोडत बसावे लागते, आणि तेवढ्या वेळात होडी वाहत कुठच्या कुठे जाते. उधाणाच्या भरतीला तोच ढीग परत वर येतो.

पावसाचे गोडे पाणी सरले आणि खाडी खारी झाली की जलपर्णी टिकत नाही. पाने कडेने करपतात, देठ तपकिरी होऊन ती काठाला कुजत पडते. खार तिला मारतो म्हणून वरची मंडळी निर्धास्त असतात. पण मेलेली ती कांदळवनाच्या मुळांत आणि चिखलावर बसते. निवट्यांची बिळे त्याखाली बुजतात. कोळंबी आणि बोईट पूर्वीइतके मिळत नाहीत, त्याला कारणे पुष्कळ आहेत, सगळा दोष जलपर्णीवर टाकणार नाही. परंतु आमच्या जाळ्यात प्लास्टिक पुरेसे येते. त्यात भर नको.

माजिवडेकर

सर्वांचे मनापासून आभार. स्फुरदाची तपासणी आणि वाळ्याचे तराफे हे दोन्ही मुद्दे बैठकीत मांडतो. दोन शंका उरतात. वर किडी सोडण्याचा उल्लेख आला. तशा किडी आणून उल्हासमध्ये सोडल्या तर यंत्रांवरचा खर्च वाचणार नाही का? आणि ऑनलाइन मिळणाऱ्या शोभेच्या वनस्पतींबद्दल कोणी लिहिलेले नाही. समितीतील एका तरुण जोडप्याने घरच्या मत्स्यालयातली एक सुंदर तरंगती वनस्पती तळ्यासाठी द्यायची तयारी दाखवली आहे. पाने लहान, गोलसर, आणि त्यांवर पाण्याचा थेंब टिकत नाही.

मत्स्यालयप्रेमी, नेरूळ

आपण केलेल्या वर्णनावरून ती बहुधा साल्व्हिनिया असावी. खात्री करायची असेल तर पान डोळ्यांजवळ धरून, शक्य झाल्यास भिंगातून, वरचा पृष्ठभाग पाहा. पानावर बारीक उभे केस दिसतील आणि चार-चार केसांची टोके वर एकत्र येऊन छोटा पिंजरा झालेला असेल. या पिंजऱ्यांत हवा अडकते, म्हणून थेंब घरंगळतो आणि पान बुडवले तरी कोरडे वर येते. तसे दिसले तर ती तळ्यात सोडू नका, कितीही प्रेमाने दिली तरी.

साल्व्हिनिया मोलेस्टा ही मूळची आग्नेय ब्राझीलमधली नेचेवर्गीय वनस्पती. झाम्बेझी नदीवर करिबा धरण बांधून झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच तिने सुमारे हजार चौरस किलोमीटर पाणी झाकले होते. पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीत तिच्यामुळे गावांना होडीने बाजाराला किंवा दवाखान्यात जाता येईना. केरळात कुट्टनाडच्या भातशेतीत तिने असा उच्छाद मांडला की तिथे तिला आफ्रिकेहून आलेले शेवाळ म्हणून ओळखतात. तिला बियाही लागत नाहीत. तुटलेल्या तुकड्यातून नवे रोप होते. मत्स्यालय साफ करताना बादलीत राहिलेला तुकडा पुरतो.

किडींच्या प्रश्नाशीही तिचा संबंध आहे. बरीच वर्षे शास्त्रज्ञ तिला साल्व्हिनियाची दुसरीच एक जात समजत होते आणि त्या दुसऱ्या जातीवरच्या किडी आणून सोडत होते. काहीच होत नव्हते. 1972 मध्ये ती स्वतंत्र जात असल्याचे मांडले गेले, नंतर तिचे खरे माहेर ब्राझीलमध्ये सापडले आणि तिथल्या रोपांवरचा एक छोटा काळा सोंडकिडा 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या मूनडारा जलाशयात सोडण्यात आला. वर्षभरात जलाशय जवळजवळ मोकळा झाला. तोच किडा केरळात 1983 पासून सोडला गेला आणि तिथेही काही वर्षांत कालवे वाहते झाले. अलीकडे मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील सारणीच्या जलाशयातही जबलपूरच्या तण संशोधन संस्थेने तो वापरला आहे.

ऑनलाइन खरेदीविषयी माझे मत जरा कडक आहे, आणि मी स्वतः हौशी असूनही ते बदलत नाही. इंग्लंडने 2014 मध्ये पाच पाणवनस्पतींच्या विक्रीवर सरळ बंदी घातली. युरोपीय संघाने 2016 च्या पहिल्याच यादीत जलपर्णी आणि कॅबोम्बा ही मत्स्यालयातली पाणवनस्पती यांचा व्यापार बंद केला. आपल्याकडे तीच रोपे ‘लो मेंटेनन्स’ म्हणून कुरिअरने घरपोच येतात. कॅबोम्बाचेच उदाहरण घ्या. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात आवळ पांडी येथील कालवा तिच्या एका जातीच्या गुलाबी फुलांनी भरून गेला. छायाचित्रे मोबाइलवर फिरली, बघ्यांची रीघ लागली आणि अनेकांनी रोपे उपटून घरी नेली. दृश्य खरोखर सुंदर होते, आणि प्रसाराची याहून चांगली व्यवस्था त्या वनस्पतीला स्वतः करता आली नसती.

हे सगळे एकाच दिशेने चालते असेही नाही. आपल्या तळ्यांत पिढ्यान्पिढ्या असलेली हायड्रिला मत्स्यालयांच्या व्यापारातून अमेरिकेत गेली, 1960 च्या सुमारास फ्लोरिडाच्या पाण्यात सापडली आणि आज तिथे ती डोकेदुखी आहे. आपल्याकडे तिच्यात मासे अंडी घालतात, बदके तिच्यावर जगतात. कोणती वनस्पती वाईट हे वनस्पतीवर नाही, ती कुठल्या पाण्यात आहे यावर ठरते. तेव्हा तळ्यासाठी हायड्रिला किंवा कमळ घ्यायचे झाले तरी जवळच्याच रोपवाटिकेतून घ्या, तलावातून उपटू नका, आणि आणल्यावर एका बादलीत वेगळी ठेवून तिच्याबरोबर आणखी काय आले आहे ते काही दिवस पाहा. तळ्यात डासांसाठी गप्पी मासे सोडलेले असतील, तर तेही दक्षिण अमेरिकेचेच पाहुणे आहेत. पावसात तळे भरून वाहिले की ते नाल्यात जाणार नाहीत अशी जाळी सांडव्याला लावून घ्या.

निवृत्त प्राध्यापिका, नौपाडा

साल्व्हिनियाबद्दल छान लिहिले आहे. जलपर्णी खाणाऱ्या किड्यांबद्दल माझ्याकडून भर घालते, कारण हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतोच.

नियोकेटिना या वंशाचे दोन सोंडकिडे आपल्या देशात नव्याने आणायची गरज नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूत ते रीतसर तपासणी करून सोडले गेले आणि आता अनेक राज्यांत आहेत. उल्हासच्या काठावर उभे राहून पाने निरखली तर ते आले आहेत की नाही हे आपणही ओळखू शकता. प्रौढ किडा पानाचा फक्त वरचा थर खरवडतो, त्यामुळे दोन-चार मिलिमीटरचे फिकट चौकोनी डाग पानभर दिसतात. खरे नुकसान अळी करते. ती देठ आतून पोखरत खाली जाते, त्या बोगद्यात पाणी आणि बुरशी शिरते आणि रोप हळूहळू जड होऊन बुडते.

व्हिक्टोरिया सरोवरात हेच किडे 1995 पासून सोडले गेले आणि 1998-99 पर्यंत जलपर्णी झपाट्याने ओसरली. त्या दरम्यान आलेल्या एल निनोच्या वादळी पावसाळ्याने थर फाटले, हाही त्यातला भाग होता. श्रेय कोणाला किती द्यायचे यावर अभ्यासकांत वाद आहेत. नंतरच्या वर्षांत किसुमूच्या आखातात ती पुन्हा पुन्हा माजलेली दिसली.

उल्हाससारख्या नदीत या किड्यांची मोठी अडचण ऐरोलीकरांनी सांगितलेलीच आहे. किड्याची एक पिढी पूर्ण व्हायला दोन-तीन महिने लागतात. सांडपाण्याने पोसलेली जलपर्णी तेवढ्या काळात कितीतरी वेळा दुप्पट झालेली असते. त्यात पावसाळ्यापूर्वी यंत्र लावून सरसकट सगळी उपसली की किड्यांची जमलेली संख्याही डंपरमधून निघून जाते आणि चिखलातल्या बियांपासून उगवणारी नवी रोपे किड्यांविना वाढतात. यंत्र आणि किडा दोन्ही वापरायचे तर काठालगत एखादा पट्टा बांबूच्या अडसरामागे मुद्दाम राखून ठेवावा लागतो, म्हणजे किड्यांना घर उरते. आमच्या पिढीने फवारणीही पाहिली आहे. ज्या पाण्यातून कल्याण-उल्हासनगरसारखी शहरे पितात त्यात तणनाशक टाकण्याचा विषयच नको, आणि मेलेली रोपे एकदम तळाशी बसून कुजली की मासे मरतात ते वेगळेच.

किडे सोडणे हे संकुलाच्या समितीचे काम नव्हे. आपण त्या जोडप्याला साल्व्हिनिया कोणालाही न देता ती नष्ट कशी करायची ते मात्र सांगा. नाल्यात नाही, संडासात नाही, ओल्या कचऱ्याच्या डब्यातही तशीच नाही. गच्चीवर सिमेंटच्या कोरड्या भागावर पसरून, पाने हातात चुरली जाईपर्यंत कडक उन्हात वाळवावी आणि मग खतात घालावी. टाकीतले पाणीही फडक्यातून गाळून झाडांना घालावे. उल्हासमधली उपसलेली जलपर्णी मात्र भाजीच्या वाफ्यासाठी खत म्हणून कोणी देऊ केली तर घेऊ नका. कारखान्यांच्या पाण्यात वाढलेल्या रोपात काय साठले आहे हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही.